लहान शेतकऱ्यांना संशोधनात खरंच सामील करून घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

काळी_माती:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. शिक्षण कृषीचंच, पण आतापर्यंतचं काम बहुतेक संशोधन केंद्राच्या फार्मवरचं, म्हणजे जमीन सपाट, पाणी हाताशी, मजूर वेळेवर. आता नवीन काम सुरू होतंय ते एक-दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत. विषय मातीचा कस टिकवणं, म्हणजे आच्छादन (काडीकचऱ्याने जमीन झाकणं), कडधान्याचं आंतरपीक, रासायनिक खत हळूहळू कमी करणं वगैरे. प्रस्तावात जागोजागी "शेतकऱ्यांचा सहभाग" लिहिलंय, पण नीट वाचलं तर तो सहभाग म्हणजे काय, शेतकऱ्याने जमिनीचा एक तुकडा द्यायचा, आम्ही देऊ ते बी आम्ही सांगू त्या अंतरावर पेरायचं, आमची माणसं येऊन मोजमाप घेऊन जाणार, आणि शेवटी एक शिवारफेरी आणि फोटो.

मला हे पटत नाहीये. जगातल्या सगळ्या शेतांपैकी साधारण ८४ टक्के शेतं दोन हेक्टरच्या आतली आहेत आणि जगाच्या अन्नातला साधारण ३५ टक्के वाटा तिथून येतो असा एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) संशोधकांचा २०२१ चा अंदाज आहे. एवढ्या लोकांच्या शेतीबद्दल संशोधन करायचं आणि प्रश्न काय घ्यायचा हेसुद्धा त्यांना विचारायचं नाही, हे कसं चालेल?

टीममध्ये मी हे बोलले तर एक सीनिअर म्हणाले की शेतकऱ्यांवर सोडलं तर प्रत्येकजण वेगळं काहीतरी करेल, डेटा विस्कळीत येईल आणि त्यातून काही सिद्ध होणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं पण मला म्हणता येत नाही. तर ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांच्या शेतात असं काम झालंय, त्यांनी सांगा की सुरुवात कशी करायची, डेटा कसा सांभाळायचा, आणि प्रयोग फसला तर त्याचा भार कुणी उचलायचा? पेरणीला अजून थोडा वेळ आहे, आराखडा बदलता येईल.

तिफण:

ताई मी शेतकरी आहे म्हणून आधी आमच्या बाजूचं सांगतो, शास्त्राचं बाकीचे सांगतील.

आमच्या शेतात एका संस्थेने प्लॉट घेतला होता. आराखडा छापील आलेला, चार पट्टे, उताराला आडवे, एकाखाली एक. आता माझ्या त्या रानाचं असं आहे की वरच्या अंगाला वीतभर खाली मुरूम लागतो, आणि खाली बांधाजवळ माती खोल आहे, पण पाऊस जास्त झाला की तिथं पाणी साचून चिबड होतं, आठ-आठ दिवस वापसा येत नाही, म्हणजे रान कामाजोगं होत नाही. त्यांनी जुनी पद्धत वरच्या पट्ट्यात घातली आणि नवीन पद्धत सगळ्यात खाली. मी त्या मोजायला आलेल्या मुलाला म्हणालो की बाबा हे असं करू नका, इथं काय पण पेरलं तरी वरच्यापेक्षा जास्तच येणार पाऊस कमी झाला तर, आणि पाऊस जास्त झाला तर उलटं होणार. तो म्हणाला वरून असंच आलंय, मला बदलता येत नाही. पाऊस बेताचा झाला, खालचा पट्टा जोरात आला. त्यांनी लिहून नेलं. नंतर त्या आकड्यांचं काय झालं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

माझं दुखणं जमीन दिली याचं नाही, जमीन परत मिळाली. दुखणं हे की त्या रानाबद्दल सगळ्यात जास्त माहिती ज्याला होती त्यालाच कुणी विचारलं नाही, आणि त्यामुळे त्यांचा पण प्रयोग वाया गेला.

आणखी एक. प्रयोग आम्ही करतच असतो हो. नवीन बी मिळालं तर कुणी सगळ्या रानात टाकत नाही, आधी बांधाकडेच्या दोन ओळींत टाकून बघतो, पटलं तर पुढच्या साली जास्त. कुणाचा बिवड (आधीच्या पिकाचा जमिनीवरचा परिणाम) चांगला पडला, कुठल्या पिकानंतर कुठलं पीक बसत नाही, कुठल्या रानात खत टाकलं तरी उपयोग नाही, हे सगळं असंच बघत बघत कळलेलं असतं. तुम्ही गावात आलात की पहिल्यांदा हे विचारा की तुम्ही स्वतःहून काय करून बघताय. तिथून सुरुवात करा, तुमचा आराखडा पिशवीतच राहू द्या.

आणि आच्छादन म्हणताय ते जनावरं असलेल्या माणसाला सांगताना विचार करा. काडीकचरा रानात पसरायचा तर जनावरांनी खायचं काय? हा प्रश्न सुटल्याशिवाय कुणी तुमच्यासमोर हो म्हणेल पण तुमची पाठ फिरली की भारा घरी जाईल.

बीज_आणि_बांध:

तिफण यांनी जे कडब्याचं लिहिलंय ना, त्यावरून सीरियातलं बार्लीचं काम आठवलं, आणि काळी_माती ताई, तुमच्या सीनिअरना दाखवायला ते उत्तम उदाहरण आहे.

इकार्डा म्हणून कोरडवाहू भागातल्या शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचं मुख्य केंद्र तेव्हा सीरियात अलेप्पोजवळ होतं. तिथे साल्व्हातोरे चेक्कारेली हे बार्लीचे वाण तयार करायचे. अडचण अशी की केंद्राच्या चांगल्या जमिनीत जे वाण पहिल्या नंबरात यायचे ते खऱ्या कोरड्या शेतात, कमी पावसात, टिकत नव्हते. नव्वदच्या दशकात त्यांनी निवडच शेतकऱ्यांच्या शेतात आणि शेतकऱ्यांच्या हाताने करायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की शेतकरी फक्त दाणा बघत नाही. कोरड्या साली पीक किती उंच राहतं ते बघतो, कारण त्या साली जनावरांना तेवढाच चारा. काडी मऊ आहे का ते बघतो, कारण कडक काडी मेंढ्या खात नाहीत. फार कोरड्या पट्ट्यात काळ्या दाण्याचा देशी वाण पसंत, थोडा बरा पाऊस असलेल्या पट्ट्यात पांढऱ्या दाण्याचा. केंद्रात बसून एकच वाण सगळ्यांसाठी निवडणाऱ्याला हे कुठून कळणार. आणि उत्पन्नाच्या बाबतीतसुद्धा स्वतःच्या शेतातले चांगले वाण ओळखण्यात शेतकरी कुठेही शास्त्रज्ञांच्या मागे नव्हते.

सहभाग हा शब्द मात्र जपून वापरावा. स्टीफन बिग्ज यांनी १९८९ मध्ये शेतकरी आणि संशोधक यांच्या नात्याचे चार प्रकार मांडले होते. पहिल्यात शेतकऱ्याची फक्त जमीन किंवा मजुरी घेतली जाते, दुसऱ्यात त्याचा सल्ला घेतला जातो पण ठरवतो संशोधकच, तिसऱ्यात दोघं मिळून काम करतात, आणि चौथ्यात शेतकरी स्वतः जे संशोधन करतायत त्याला संशोधक बळ देतात. तुमचा प्रस्ताव तुम्ही लिहिलाय तसा असेल तर तो पहिल्यात बसतो, शिवारफेरी झाली म्हणून तो तिसऱ्यात जात नाही. सगळं काम चौथ्यात न्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही, काही प्रश्नांना केंद्रातलं काटेकोर काम लागतंच, पण आपण कुठल्या पायरीवर आहोत हे प्रस्तावात खरं लिहावं.

नुकसानीचा भार कुणी उचलायचा विचारलंत, त्यासाठी कोलंबियातलं बघा. तिथे सीआयएटी या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९९० पासून गावपातळीवर शेतकऱ्यांच्या संशोधन समित्या उभ्या केल्या. समिती गावानेच निवडायची, प्रश्न गावाच्या बैठकीत ठरायचा, समिती आधी अगदी छोट्या तुकड्यावर प्रयोग करून बघायची, त्यात जे टिकेल ते पुढच्या हंगामात मोठ्या तुकड्यावर, आणि प्रत्येक वेळी निकाल गावापुढे मांडायचा, फसलेलासुद्धा. यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी व्यवस्था, समितीकडे एक छोटा निधी असायचा. बी, खत त्यातून, आणि प्रयोग बुडाला तर तोटाही त्यातून. त्यामुळे ज्याच्याकडे तोटा सोसायची ताकद नाही असा माणूससुद्धा प्रयोगात येऊ शकतो. नाहीतर होतं असं की सहभागी शेतकरी म्हणून गावातले बरी परिस्थिती असलेले चार लोकच येतात, आणि निष्कर्ष मात्र सगळ्या लहान शेतकऱ्यांच्या नावावर खपतात.

तुमच्या बजेटमध्ये प्रवास आणि कार्यशाळा यांच्या ओळी असतीलच, त्यातलं थोडं कापून अशी एक ओळ घाला. आणि भरपाई कशी मोजणार ते पेरणीच्या आधी कागदावर लिहा, सगळ्यांसमोर वाचून दाखवा. शेजारच्या नेहमीच्या पिकापेक्षा जेवढं कमी आलं तेवढं भरून देऊ, इतकं साधं लिहिलं तरी चालतं.

आकडेमोड:

डेटाचं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

सीनिअरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शेतं वेगळी असतात, माणसं वेगळ्या दिवशी पेरतात, कुणी शेणखत टाकतो कुणी नाही, हे सगळं आकड्यांत उतरणारच. पण हा फरक म्हणजे कचरा नाहीये. कुठलं तंत्र कुठल्या परिस्थितीत चालतं आणि कुठे पडतं, हेच तर आपल्याला हवंय, आणि एका सपाट फार्मवर चार रेप्लिकेशन (तोच प्रयोग चार वेळा) घालून ते कधीच कळणार नाही.

यासाठी पद्धती तयार आहेत. मलावीत सिगलिंड स्नॅप आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मदर-बेबी ट्रायल वापरली. एक मदर ट्रायल गावात मध्यवर्ती ठिकाणी, सगळे पर्याय, नीट रेप्लिकेशन, देखरेख संशोधकांची. आणि आजूबाजूला अनेक बेबी ट्रायल, प्रत्येक शेतकऱ्याकडे त्यातले दोन-चारच पर्याय आणि सोबत त्याची स्वतःची पद्धत, देखरेख त्याची. एका शेतात एकच रेप्लिकेशन, कारण इथे प्रत्येक शेत हाच एक ब्लॉक, म्हणजे तुलनेचा एकसारखा तुकडा. मदरमधून काटेकोर आकडे, बेबीमधून खऱ्या परिस्थितीतले आकडे आणि शेतकऱ्यांची मतं. तिथे मक्याच्या जमिनीचा कस वाढवायला कडधान्यं तपासत होते, म्हणजे तुमच्या विषयाच्या अगदी जवळचं. म्युकुना या शेंगवर्गीय वेलासारख्या हिरवळीच्या खतानं मका चांगला वाढायचा, तरी शेतकऱ्यांचा कल तूर आणि भुईमूग एकत्र घेण्याकडे होता कारण त्यातून खायला-विकायला मिळतं आणि मातीलाही मिळतं. नुसत्या मक्याच्या उत्पन्नावर शिफारस केली असती तर शेतकऱ्यांनी काय स्वीकारलं असतं ते तुम्हीच बघा.

दुसरी पद्धत ट्रायकॉट. यात प्रत्येक शेतकऱ्याला मोठ्या यादीतले फक्त तीन वाण मिळतात, नाव न सांगता, अ ब क अशी खूण करून. त्याने एवढंच सांगायचं की उगवणीला चांगला कुठला आणि वाईट कुठला, कीड कुणावर कमी, शेवटी परत घ्यायचा तर कुठला घेणार. वजनकाटा लागत नाही. प्रत्येकाकडे वेगवेगळी तिघांची जोडणी असल्यामुळे सगळं एकत्र करून पूर्ण यादीची क्रमवारी काढता येते, आणि त्याला हवामानाचे आकडे जोडले की कुठल्या पावसात कुठला वाण हेही दिसतं. २०१९ मध्ये निकाराग्वा, इथिओपिया आणि भारत मिळून १२,४०९ शेतकरी-प्लॉटचा असा अभ्यास प्रसिद्ध झालाय, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही असं आता म्हणता येत नाही. फक्त लक्षात घ्या, ट्रायकॉट वाण तुलनेला फार छान, पण आच्छादन, खत कमी करणं असल्या गोष्टी नाव लपवून देता येत नाहीत, तिथे मदर-बेबीच बरी.

आता तिफण यांच्या उताराचा मुद्दा, कारण हा शंभर टक्के सोडवता येण्यासारखा आहे. शेतकऱ्यासोबत रानात चाला, त्यालाच विचारा की सारखी माती कुठून कुठपर्यंत. तो काठीने रेघ ओढेल. ती रेघ म्हणजे तुमची ब्लॉकची हद्द. मग त्या एकसारख्या तुकड्याच्या आत पट्टे आखा, उताराला आडवे नाही तर उताराच्या दिशेने शेजारी शेजारी, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला थोडी वरची थोडी खालची माती मिळेल. कुठल्या पट्ट्यात काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि चिठ्ठी शेतकऱ्यालाच उचलू द्या. याचा मोठा फायदा असा की रँडमायझेशन (पट्टे असे नशिबावर वाटणं) का करायचं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, चांगल्या मातीचा फायदा कुणालाच मुद्दाम मिळू नये हे तिथेच कळतं, आणि शेवटी निकाल आला की लोकांचा त्यावर विश्वास बसतो.

किमान शिस्त एवढीच ठेवा: तुलनेचे पट्टे एकाच दिवशी, एकाच हाताने पेरायचे, कडेच्या ओळी मोजणीत घ्यायच्या नाहीत, आणि पेरणीची तारीख, मातीची खोली, शेणखत टाकलं का, पाऊस, एवढं लिहून ठेवायचं. बाकी त्याला जसं करायचं तसं करू द्या, आणि मध्येच काही बदललं तर रागवायचं नाही, का बदललं ते लिहायचं. अर्ध्या लोकांनी दुसरी खुरपणी केली नाही असं दिसलं तर तो डेटाच आहे, तुमचं तंत्र मजुरीत बसत नाहीये हे त्यातून कळतं.

काळी_माती:

खूप खूप आभार सगळ्यांचे, विशेष तिफण दादा तुमचे. चिठ्ठीचं आणि निधीचं मी उद्याच मांडणार आहे.

दोन गोष्टी अजून अडतायत. एक म्हणजे बैठक बोलावली की पुरुषच येतात, बायका आल्या तरी मागे बसतात आणि बोलत नाहीत, आणि खुरपणी, मळणी, बी राखणं हे सगळं तर त्याच करतात. दुसरं, आमचं काम दोन-तीन हंगामांचं, एवढ्यात मातीत फरक दिसेल का? लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब तपासू म्हणतायत.

रानवाट:

बायकांचं मी सांगते, बरीच वर्षं कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवायच्या कामात आहे.

बैठकीची वेळ आणि जागा आपण ठरवली की त्या येत नाहीत, हे सगळीकडे तसंच. त्यांना बैठकीला बोलावण्यापेक्षा त्या जिथे काम करतायत तिथे जा, खुरपणी चालू असताना बांधावर बसा, हात चालू असताना तोंड मोकळं चालतं. आणि मत वेगळं घ्या, एकत्र घेऊन सरासरी काढू नका. सगळ्यात सोपा उपाय मतदानाचा, प्रत्येक प्लॉटच्या टोकाला एक पाकीट बांधायचं, बायकांना एका रंगाचे दाणे, पुरुषांना दुसऱ्या रंगाचे, रानातून फिरायचं आणि आवडलेल्या प्लॉटच्या पाकिटात टाकायचे. लिहिता-वाचता यावं लागत नाही, कुणासमोर बोलावं लागत नाही, आणि मोजताना दोन्ही रंग वेगळे निघतात. जिथे दोन्हींचा कल वेगळा निघतो तिथे थांबून का ते विचारायचं, खरी माहिती तिथे असते. काढणीला सोपं का, मळताना कुसळ टोचतं का, शिजायला किती वेळ, साठवणीत कीड लागते का, हे बहुतेक वेळा बायकांच्या बाजूने येतं.

इथिओपियात डुरम गव्हाच्या कामात देशी आणि सुधारित मिळून ४०० नमुने शेतकऱ्यांपुढे ठेवले होते, बायका आणि पुरुष दोघांनी गुण दिले आणि ते गुण पुढे जनुकीय माहितीशी जोडून वापरले. म्हणजे शेतकरी बाईने रानात उभं राहून दिलेला गुण हा थेट शास्त्रीय डेटा म्हणून वापरता येतो, हे तुमच्या सीनिअरना आवर्जून सांगा.

मातीचं म्हणाल तर दोन-तीन हंगामांत सेंद्रिय कर्ब विश्वासाने मोजता येईल एवढा बदलेल अशी आशा धरू नका. तो फार हळू बदलतो आणि एकाच शेतात दोन पावलांवर वेगळा निघतो. पहिल्या वर्षाचा नमुना जरूर घेऊन ठेवा, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल, पण निकाल त्यावर टांगू नका. त्यापेक्षा लवकर बदलणाऱ्या गोष्टी बघा, आणि त्या शेतकऱ्यासोबत मोजा. दोन्ही टोकं उघडी असलेला पत्र्याचा डबा थोडा मातीत ठोकायचा, ठराविक पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागला ते बघायचं, एकदा आच्छादनाखाली, एकदा उघड्या रानात. दुसरं त्याहून सोपं, दोन्हीकडचं एकेक वाळलेलं ढेकूळ घ्या, काचेच्या पाण्याच्या भांड्यात जाळीवर अलगद ठेवा. सतत नांगरलेल्या उघड्या जमिनीतलं ढेकूळ बघता बघता विरघळतं, पाणी गढूळ होतं, आणि आच्छादनाखालचं, मुळं आणि सेंद्रिय पदार्थ असलेलं ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहतं. मी हे जिथे जिथे केलंय तिथे लोक स्वतःच धावत जाऊन आपापल्या रानातली ढेकळं घेऊन आलेत, आणि मग चर्चा आमच्या हातात राहतच नाही, कुणाच्या रानात काय केलं होतं म्हणून ढेकूळ टिकलं याचीच बोलणी सुरू होतात. त्या चर्चेतून पुढच्या हंगामाचे प्रयोग ठरवा.

लोकांच्या स्वतःच्या खुणाही विचारा. नांगर हलका चालतो का, पावसानंतर वापसा कधी येतो, ओल किती दिवस टिकते, कुठलं तण उगवतंय, गांडुळं दिसतात का. यांची एक यादी गावाकडूनच करून घ्या आणि दर हंगामाला तीच तपासा.

आच्छादन आणि चाऱ्याच्या भांडणावर मात्र दोन पिकांची जोड शोधा जी दोन्ही देईल. केनियात मक्यावरच्या खोडकिडीसाठी इसिपे या किडींवर संशोधन करणाऱ्या संस्थेने पुश-पुल पद्धत आणली, मक्याच्या ओळींत कीड हाकलणारं डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक आणि शेताच्या कडेने कीड ओढून घेणारं हत्ती गवत. खोडकीड तर कमी झालीच पण डेस्मोडियममुळे टारफुला हे मुळांवर जगणारं तणही दबलं, जमीन झाकली गेली, नत्र मिळालं. आणि शेतकऱ्यांनी ती धरून ठेवण्यामागे एक मोठं कारण म्हणजे दोन्हींतून जनावरांना चारा मिळतो. तुमच्या भागात कुठलं पीक हे काम करेल ते तिथल्या लोकांसोबत शोधा, डेस्मोडियमच आणायला पाहिजे असं काही नाही.

बीज_आणि_बांध:

रानवाट ताईंनी छान सांगितलं. खत कमी करण्याबद्दल माझी एक भर.

हे सगळ्यात जोखमीचं आहे, म्हणून सगळ्या रानात कधीच नको. एका पट्ट्यात नेहमीचं, शेजारी कमी केलेलं, आणि ज्याच्या रानात आधीच खत कमी पडतंय त्याला कमी करायला सांगूच नका. शाश्वत शेती म्हणजे सगळ्यांनी खत कमी करायचं असा अर्थ घेतला जातो, पण जास्त टाकणारा आणि न टाकू शकणारा यांचे प्रश्न उलटे आहेत.

चीनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालंय. तिथे २००५ ते २०१५ या काळात सुमारे २ कोटी ९ लाख लहान शेतकऱ्यांपर्यंत जाऊन, शेतातल्या चाचण्यांवर आधारलेल्या शिफारशी वापरल्या, तेव्हा मका, भात, गहू यांचं उत्पन्न साधारण ११ टक्के वाढलं आणि नत्राचा वापर १५ ते १८ टक्के कमी झाला, २०१८ साली हे निकाल प्रसिद्ध झाले. तिथे आधीच नत्र जास्त टाकलं जायचं म्हणून हे शक्य झालं, हेही लक्षात ठेवायचं. आणि २००९ पासून तिथल्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी चुझोउ परगण्यातल्या खेड्यांत जाऊन राहायला लागले, गावातच राहायचं, शेतकऱ्यासोबत रानात जायचं, प्रश्न तिथेच शोधायचा आणि प्रबंधही त्यावरच लिहायचा. मला विचाराल तर तुमच्या टीममधला एक तरुण माणूस हंगामभर गावात राहिला तर दहा कार्यशाळांचं काम होईल.

शेवटची गोष्ट श्रेयाची आणि बियाण्याची. शेतकऱ्याने जपलेला किंवा निवडलेला वाण प्रयोगात आला तर तो कुणाचा, पुढे कुणी विकला तर काय, हे आधी ठरवा. २००१ च्या वनस्पती जनुकसंपत्तीवरच्या आंतरराष्ट्रीय करारात नवव्या कलमात शेतकऱ्यांचे हक्क मान्य केलेत, पारंपरिक ज्ञानाचं रक्षण, फायद्यात वाटा, निर्णयात सहभाग. पण गावातल्या माणसाला कराराचं कलम उपयोगी पडत नाही, तुमच्या वहीत त्याचं नाव आणि अट लिहिलेली असेल तर पडते. अहवालात नाव हवं की नको हे प्रत्येकाला विचारा, काहींना नको असतं.

तिफण:

वाचून बरं वाटलं. मला फक्त निकाल परत सांगण्यावर जोर द्यायचाय. हंगाम संपला की वर्षाने अहवाल येतो, तोवर आमची पुढची पेरणी झालेली असते. काढणी झाली की पंधरा-वीस दिवसांत या, जाडे जाडे आकडे घेऊन या, पक्के नसले तरी चालतील, पण पुढचं बी घरात यायच्या आत या. आणि ज्याचा प्लॉट पडला त्यालाही बोलू द्या, त्याच्याकडूनच जास्त कळतं.

काळी_माती:

नक्की दादा, काढणीनंतरची बैठक आराखड्यात तारखेसकट टाकते. आकडेमोड सर, एक शेवटचं, आमच्याकडे साधारण तीसेक शेतकरी होतील, तेवढ्यावर काही म्हणता येईल का?

आकडेमोड:

येईल, पर्याय कमी ठेवले तर. तीस शेतांत सहा-सात पर्याय वाटलेत तर कशावरच काही म्हणता येणार नाही. प्रत्येक शेतात दोनच पट्टे, त्याची नेहमीची पद्धत आणि गावाने निवडलेला एक पर्याय, असं केलंत तर तीस जोड्या मिळतात, प्रत्येक जोडीतला फरक काढायचा, आणि हलकी जमीन, खोल जमीन असे दोन गट पाडून बघायचं. दोन पर्याय हवेच असतील तर पंधरा-पंधरा शेतं, पण मग गट पाडायला फारसं काही उरत नाही हे धरून चला. मदर ट्रायल एकच करा पण ती शाळेजवळ किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर असू द्या, लोक येता-जाता बघतील. आणि काही लोक मध्येच सोडतील, तेव्हा सुरुवात पस्तीस-चाळीस जणांपासून करा. सोडणाऱ्यांना का सोडलं ते नक्की विचारा आणि ते अहवालात लिहा.